टोपलीतला राग

राग आला की मागावर बसायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. जेवायच्या आधी हात धुवायचे, हा दुसरा. दुसरा आम्ही पोरं कधीमधी मोडायचो. पहिला मोडायची कुणाची छाती नव्हती.

बाहेरच्याला हे नवल वाटेल, म्हणून सांगते. शहापुरात आमच्या गल्लीत घराघरात हातमाग. पुढच्या सोप्यात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणणारा बसणार, पायानं फळ्या दाबणार, हातानं सुताची कांडी घातलेला धोटा फेकणार आणि आलेला धागा फणीनं ठोकून जागेवर बसवणार. सगळा खेळ त्या ठोक्याचा. ठोका सकाळी जसा, तसाच दुपारी पडला पाहिजे. राग आलेल्या माणसाचा हात जड होतो, ठोका जोरात बसतो, आणि तेवढंच कापड घट्ट होऊन जातं. मागावर असताना ते चटकन दिसत नाही. लुगडं उजेडात धरलं की मात्र आडवा पट्टा उठून दिसतो. ‘पट्टा पडला’ म्हणायचे त्याला. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की राग आपला, आणि नेसून हिंडणार कुठली तरी परकी बाई, हे काय बरं न्हवं.

मग राग आलेल्यानं करायचं काय? त्याची सोय होती. खुंटीखाली एक बांबूची टोपली असायची. कांड्या भरताना तुटलेलं, गुंतलेलं, मांजरानं ओढलेलं सगळं सूत त्या टोपलीत पडायचं. ज्याला राग आला त्यानं ती टोपली घेऊन पायरीवर बसायचं आणि गुंता सोडवायचा. रागानं ओढलं की गाठ बसते, गाठ बसली की आणखी राग येतो, मग माणूस आपोआप हळू होतो. तासाभरात सूतही मोकळं आणि माणूसही. आमच्या गल्लीत सगळ्यांचं थोडंफार सूत वाया जायचं. आमच्या घरचं जात नव्हतं, कारण आमच्या घरात आप्पा होते.

आता आप्पांच्या रागाबद्दल काय सांगू! माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय असं सगळे म्हणतात, तेव्हा मी जपूनच सांगते. आप्पा सोन्यासारखा माणूस. पण राग नाकाच्या शेंड्यावर. चहा कोमट आला, राग. शेजारचा कोंबडा भर दुपारी आरवला, राग. सकाळी गल्लीत लांबच लांब ताणा, म्हणजे उभं सूत, पसरून त्याला खळ लावायचं काम चालायचं. त्यात सगळ्या घरांचे हात लागायचे, आणि नेमकी तेव्हाच कुणाची तरी शेळी ताण्याखालनं जायची. त्या शेळीला आप्पांनी जे जे ऐकवलंय ते तिला कळलं असतं तर तिनं गाव सोडलं असतं. समोरच्या घरातली कानडी मावशी दारातनंच विचारायची, “सिट्टु बंतेनु?” राग आला काय? आप्पा तितक्याच जोरात म्हणायचे, “बंतु!” आला! आणि टोपली उचलायचे. आई आत भाकरी थापत असायची, तिच्या थापेचा आवाज तेवढ्यानं कमीजास्त होत नसे.

आईला राग यायचा नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. टोपलीपाशी मी आईला बसलेलं बघितलं ते फक्त झाडताना.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका चातुर्मासात विठ्ठलाच्या देवळात सांगलीकडचे एक हरिदास कीर्तनाला आले. आप्पा रोज संध्याकाळी जायचे. एके दिवशी परत आले ते निराळ्याच तोऱ्यात. टोपी खुंटीला अडकवली, पाटावर बसले आणि म्हणाले, आज एक गोष्ट कळली. हरिदासांनी सांगितलं होतं की सगळा राग काही वाईट नसतो. स्वतःच्या पोटासाठी येतो तो तामसी, मानापमानासाठी येतो तो राजसी. पण दुसऱ्यावर अन्याय होताना बघून जो येतो, तो सात्त्विक संताप. तो देवांनाही येतो, संतांनाही येतो. त्याचं पाप लागत नाही, उलट तो न आला तर लागतं.

आईनं ताटात आमटी वाढली आणि विचारलं, मग त्याला टोपली लागते का?

आप्पा म्हणाले, सात्त्विकाला टोपली लागत न्हाय.

झालं! माणसाला एखादं नाव सापडलं की काय काय होतं बघा. दुसऱ्या दिवसापासून आप्पांना येणारा एकूण एक राग सात्त्विक निघायला लागला. चहा कोमट आला. का आला? आईनं चूल आधी पेटवली नाही म्हणून. आधी का पेटवली नाही? लाकडं ओली. म्हणजे लाकूडवाल्यानं गरिबाला फसवलं. हा अन्याय. शेळी ताण्याखालनं गेली. शेळीच्या मालकानं तिला चारा घातला नव्हता, मुक्या जनावरावर अन्याय. कोंबड्याचं काय ते मला आता आठवत नाही, पण त्यातही त्यांनी न्याय शोधला होता एवढं खरं. कानडी मावशीनं “सिट्टु बंतेनु?” विचारलं की आप्पा हात हलवून म्हणायचे, सिट्टु न्हवं, सात्त्विक संताप. ती बिचारी आपल्या नवऱ्याला विचारत बसायची की हा कुठला नवा रोग.

आणि ते तसेच तणतणत मागावर बसायचे. टोपली भरत चालली. गुंत्याचा ढीग वर आला. महिनाभरात व्यापाऱ्याकडून एक लुगडं परत आलं, पट्टा पडलाय म्हणून. मग दुसरं आलं. आप्पांना त्याचाही सात्त्विक संताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मागावर बसायला गेले तर बसायच्या जागेवर टोपली. तिथनं ती हलवली तर पायाखालच्या खड्ड्यात आणखी एक छोटी टोपली. आप्पांनी आईकडे बघितलं, आई चुलीकडे बघत होती. आप्पांनी टोपली उचलली आणि पायरीवर जाऊन बसले. पण “हे मी नुसतं करतोय, लागत न्हाय” असं जाणाऱ्या येणाऱ्याला सांगत राहिले.

मी त्या वेळी बारा-तेरा वर्षांची. मला तो शब्द फार आवडला होता. आपल्या भाषेत रागाला नावं काय थोडी आहेत? फणकारा आहे, तो आला तसा जातो. रुसवा आहे, त्याला समजूत काढणारं माणूस लागतं, नाहीतर त्यात राम नाही. त्रागा आहे, तो दुसऱ्यावर न करता आपणच आपलं डोकं आपटून करायचा. ह्या सगळ्यांत आप्पांचा शब्द मला पागोटं घातलेल्या पाहुण्यासारखा वाटायचा. मी तो शाळेत वापरून बघितला. पाटी फोडली तेव्हा बाईंना सांगितलं की मला सात्त्विक संताप आला होता. बाईंनी सात्त्विकपणेच हातावर छडी मारली.

आता आक्काच्या लग्नाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

आक्का माझी थोरली बहीण. तिला निपाणीचं स्थळ आलं. घराणं आमच्याच धंद्यातलं, पण मुलाच्या आजानं माग सोडून निपाणीत तंबाखूची वखार घातलेली. आता त्यांच्या घरात माग नव्हता, घोडागाडी होती. मुलगा बघायला आला तेव्हा कांद्यापोह्याची बशी हातात घेऊन त्यानं आमच्या मागाकडं बघितलं आणि आक्काला विचारलं की कांड्या तूच भरतेस का. आक्का मान हलवून आत पळाली आणि मला दंडाला धरून म्हणाली, चांगला हाय गं. एवढंच म्हणाली, पण त्यानंतर ती आरशापुढं जास्त वेळ उभी राहायला लागली. आक्काला ते लग्न मनापासून व्हायला हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं. आप्पा तर त्या दिवसांत शेळीला सुद्धा काही बोलले नाहीत.

आमच्यात एक रीत होती. मुलगी अक्षतांना उभी राहणार ती बापानं विणलेल्या लुगड्यात. ताणा मागावर चढवण्यापासून शेवटच्या पदरापर्यंत बापाचाच हात. भाऊ असो, चुलता असो, दुसऱ्या कुणी त्या मागावर बसायचं नाही. आप्पांनी आक्काचं लुगडं मागावर चढवलं. हिरवंगार सुती अंग, तांबडे रेशमी काठ. ते विणायला बसताना आप्पा अंघोळ करून बसायचे. राग नाही, आवाज नाही. गुणगुणत विणायचे. मला वाटतं तो आप्पांचा सगळ्यात सुखाचा पंधरवडा असावा.

लुगडं अर्ध्याच्या पुढं गेलं होतं. त्या दिवशी मुलाचे वडील आले. निपाणीहून संकेश्वरमार्गे सर्व्हिस मोटार यायची, तिच्यानं दुपारी उतरले. बोलणी पक्की करायला आले होते. आप्पांनी घोंगडी अंथरली, आईनं चहा दिला, आक्का आणि मी आतल्या दारामागं. देण्याघेण्याचं काहीच अडलं नाही, माणूस त्या बाबतीत खरंच सरळ होता. सगळं ठरलं. आता उठणार, इतक्यात त्यांची नजर मागाकडं गेली आणि त्यांनी विचारलं, हे कुणाचं?

आप्पा म्हणाले, पोरीचं. अक्षतांचं.

पाव्हणे हसले. वाईट हसले नाहीत, थोरामोठ्यानं लहानाला समजवावं तसं हसले. म्हणाले, आता कुठं हे राहिलंय? आम्ही मुंबईहून रेशमी पातळ मागवतो, तेच नेसवा. मागावरचं जाडंभरडं नेसून पोरगी मांडवात आली तर निपाणीत लोक म्हणतील, वखार घातली तरी मागवालेच ते.

दारामागं आक्कानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता आप्पा पेटणार. कोमट चहावर पेटणारा माणूस, लाकूडवाल्याच्या अन्यायावर महिना महिना तणतणणारा माणूस! इथं तर त्यांच्या हातच्या कामाला, त्यांच्या बापजाद्याच्या कामाला, त्यांच्याच घोंगडीवर बसून नावं ठेवलेली. ह्याला जर सात्त्विक संताप यायचा नाही तर कशाला यायचा?

आप्पा हसले. हात जोडले आणि म्हणाले, तुमच्या मनासारखं करू.

मला आप्पांचा भयंकर राग आला. आज मला कळतं की तो मुलीचा बाप होता, मान खाली घालणं त्याच्या वाट्याला आलं होतं आणि आक्काच्या सुखासाठी त्यानं ती घातली. पण त्या वेळी मला रडूच फुटलं. त्यांच्या हाताकडं बघितलं, तर जोडलेल्या हातांच्या बोटांवर खळीचे पांढरे डाग तसेच होते.

तेवढ्यात आई माझ्या शेजारून पुढं गेली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबऱ्याशी उभी राहिली. आवाज चढवला नाही. रोज “ताट घ्या” म्हणायची त्याच आवाजात बोलली.

“पाव्हणं, पोरगी तुमच्या घरात आल्यावर तिला रेशमी द्या, मखमली द्या, ती नेसंल. पर ह्या घरातनं बाहीर पडंल ती तिच्या बापाचं लुगडं नेसून. आन त्यांच्या हातच्या कापडाला त्यांच्याच घरात बसून जाडंभरडं म्हणायचं न्हाय.”

पाव्हण्यांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला, टोपी घातली आणि आप्पांना म्हणाले, विचार करून कळवतो. आमच्याकडं ‘कळवतो’ म्हणजे काय ते सांगायला नको. आप्पा त्यांच्या मागं मागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, काहीतरी बोलत राहिले, आणि एकटेच परत आले.

आले ते सोप्याच्या मध्यभागी उभे राहिले. आईला म्हणाले, “काय करून बसलीस हे?” त्यात राग नव्हता. घाबरलेला माणूस बोलतो तसं बोलले.

आणि आक्का बाहेर आली. डोळे पुसत नव्हती, तसेच वाहत होते. आईच्या समोर उभी राहून म्हणाली, “तुला उभ्या जन्मात एकदा राग आला, आन त्यो माझ्या लग्नातच आला?”

आईचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ती वळली. आप्पांनी सवयीनं, काही विचार न करता, कोपऱ्यातली टोपली पायानं तिच्याकडं सरकवली. आईनं ती पायानंच बाजूला केली आणि सरळ जाऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली.

आम्ही तिघंही बघत राहिलो. रागात मागावर! आणि तेही कुठल्या, तर बापाशिवाय दुसऱ्याचा हात लागायचा नाही त्या लुगड्यावर! आईला विणता येत होतं हेही मी विसरले होते. आप्पा आजारी असले की ती बसायची, एरवी नाही. तिनं धोटा फेकला आणि फणी ओढली. असा ठोका त्या घरात आजवर कधी पडला नव्हता. भिंतीवरची आरशी हलली. समोरची कानडी मावशी पीठ लागलेल्या हातानं दारात आली, तिनं मागावर कोण आहे ते बघितलं आणि तिचा नेहमीचा प्रश्न न विचारताच आत गेली.

धोट्यातली कांडी संपेपर्यंत आई विणत होती. मग उठली, पाणी प्याली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

हिरव्या कापडात चार बोटं रुंदीचा पट्टा पडला होता. आंधळ्यानं हात फिरवला असता तरी कळला असता.

असं विणलेलं सूत धागा धागा काढून उसवता येतं. वेळ लागतो, पण येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा त्यासाठीच बसले. पट्ट्यावरनं हात फिरवून बघितला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी धोटा घेतला आणि पट्ट्याच्या पुढं विणायला सुरुवात केली. लग्न मोडल्यात जमा होतं, लुगडं कुणासाठी विणायचं हेही ठाऊक नव्हतं. पण ते विणत राहिले. गुणगुणत मात्र नव्हते. घरात आक्का कुणाशी बोलत नव्हती, आणि आप्पांना राग येत नव्हता, त्यामुळं घर अगदी परक्याचं वाटायचं. शेळी ताण्याखालनं ऐटीत जाऊन यायची.

मग एका सकाळी, पहिल्या मोटारीनं, मुलाची आई आली. तिच्या मागं पिशवी धरून मुलगा. तो बिचारा आत यायला लाजला आणि आमच्या कट्ट्यावर बसला. सगळ्या गल्लीला त्या सकाळी आमच्या दारावरनंच पाण्याला जायची गरज पडली. शेवटी कानडी मावशीनं त्याला ताकाचा तांब्या नेऊन दिला आणि कानडीत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तो निपाणीचा, त्याला कानडी चांगलं येत होतं, त्यानं सगळं सांगितलं. आक्का आतनं कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात तिनं दोनदा केस सारखे केले.

मुलाची आई बुटकी, गोरी, बोलायला रोखठोक बाई. आई घाबरली होती. तिनं पाट मांडला, पण बाई पाटावर बसलीच नाही. म्हणाली, आमच्या मालकांनी घरी येऊन सांगितलं की एक बाई त्यांना असं असं बोलली. मी त्यांना पुन्यांदा सांगायला लावलं. मग म्हटलं, जाऊन बघूया, कोण हाय ती.

आणि ती मागापाशी गेली. आप्पा चटकन खड्ड्यातनं उठून बाजूला झाले. तिनं कापडाच्या खालनं तळवा घातला आणि वरनं दुसरा हात फिरवत गेली. विणकराच्या पोरी कापड असंच बघतात. पट्ट्यापाशी हात थांबला.

“हितं हात बदललाय,” ती म्हणाली. “कोण बसलतं?”

“मी,” आई म्हणाली.

“राग आलता?”

“आलता.”

“कुणाचा?”

आईनं जरा विचार केला. ती खोटं बोलायची नाही. म्हणाली, “तुमच्या मालकांचा थोडा. ह्यांचा जास्त.”

आप्पांनी खाली बघितलं. पायापाशी टोपली होती, ती त्यांनी उचलून उगीचच पोटाशी धरली. मुलाच्या आईला हसू आलं, मग आईलाही आलं, आणि मी तर दाराआड पदर तोंडात कोंबून बसले. पण हसता हसता त्या बाईचे डोळे भरले. तिचा हात अजून पट्ट्यावरच होता.

“माझ्या बापानं बी माझ्यासाठी मागावर चढवलं हुतं,” ती म्हणाली. “तांबडं. ते तसंच अर्धं ऱ्हायलं. मी बाजारचं नेसून वखारवाल्यांच्या घरात आले. माझी आई दारात उभी हुती, पर बोलली न्हाय.” मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि आप्पांकडं वळून अगदी हुकूम केल्यासारखं म्हणाली, “ह्यो पट्टा उसवायचा न्हाय. पोरगी हेच नेसून येईल, असंच.”

लग्न झालं. आमच्याच दारात मांडव पडला, मांडे झाले, खव्याचा कुंदा झाला, कानडी मावशीनं होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या. आक्का हिरव्या लुगड्यात उभी राहिली आणि पट्टा बरोबर पुढच्या बाजूला उभा आला, सगळ्यांना दिसेल असा. गल्लीतल्या एकूण एक माणसानं तो बघितला, आणि त्याची गोष्ट ठाऊक नसलेलं त्यात कुणी नव्हतं. गंमत म्हणजे मुलाचे वडील. बायकोनं घरी त्यांना काय ऐकवलं ते देव जाणे, पण मांडवात ते निपाणीच्या प्रत्येक पाव्हण्याला हाताला धरून सांगत होते, सुनेच्या बापानं स्वतः इणलंय बरं का, हल्ली असं मिळत न्हाय. आप्पा शेजारी उभे राहून ऐकत होते आणि त्यांची छाती इतकी फुगली होती की अंगरख्याच्या नाड्या तुटायच्या बाकी होत्या.

रात्रीच्या पंगती उठायच्या आत आप्पा आईजवळ आले. इतक्या दिवसांत ते तिच्याशी त्या विषयावर बोलले नव्हते. म्हणाले, “हरिदासबुवा म्हणत हुते त्यो सात्त्विक संताप. त्यो तुझा.” आई पत्रावळी गोळा करत होती. म्हणाली, मला काय ठावं त्यातलं, मला नुसता राग आलता. आणि मग पत्रावळीचा गठ्ठा आप्पांच्या हातात देत तिनं विचारलं, आन तुमचा वो? आप्पा म्हणाले, “माझा आपला टोपलीतला.”

तेव्हापासून आमच्या घरात तो मोठा शब्द कुणी वापरला नाही. आमच्याकडं रागाच्या दोनच जाती राहिल्या, टोपलीतला आणि पट्ट्याचा. पोरांनी भांडण केलं, जावाजावांत फणकारे झाले, की पहिला प्रश्न हाच, कुठला हाय? बहुतेक वेळा टोपलीतलाच निघायचा. आणि विचारलं की माणूस स्वतःच ओशाळून हसायचा. माझ्या स्वतःच्या संसारात मी टोपलीपाशी आप्पांपेक्षा कमी बसले नाही, हे माझे मालक सांगतील. पट्ट्याचा म्हणावा असा मला उभ्या जन्मात एकदोनदाच आला असेल. तो आला की ओळखू येतो. आवाज चढत नाही त्यात.

पुढं महायुद्ध आलं. सूत मिळेना. गल्लीतले माग एकेक करून गप्प झाले, कापड रेशनवर आलं, आणि ज्या बायकांनी ट्रंकेत लुगडी जपून ठेवली होती त्यांनी ती रोजच्याला काढली. आक्कानंही काढलं. सासऱ्यांनी नंतर दिलेलं मुंबईचं रेशमी पातळ पहिल्या दोन पावसाळ्यांतच घडीवर फाटलं होतं. हिरवं लुगडं तिनं नेसून, धुऊन, चुलीपुढं, वखारीत, पोरं काखेत घेऊन सगळं युद्ध काढलं. स्वातंत्र्य आलं त्या साली ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा ते लुगडं बरोबर होतं. दोरीवर वाळत टाकलं की पलीकडची कानडी मावशी आरपार दिसायची. सगळं विरलं होतं. वरचं विरलं, खालचं विरलं, काठाचं रेशीमसुद्धा झडलं. फक्त मधला चार बोटांचा पट्टा होता तसा होता, हिरवागार.

आक्का पायरीवर बसली होती. शेजारी आप्पा टोपली घेऊन बसलेले, कशावरनं तरी चिडून. आक्कानं कात्री घेतली आणि तो पट्टा तेवढा कापून काढला. होणाऱ्या बाळाच्या दुपट्याला मधोमध शिवायला. आई जवळ आली, चष्मा नव्हता म्हणून तिनं तो बोटांनीच चाचपला, दोन्ही हातांनी ओढून बघितला. सूत हललं नाही.

“लई जोरात ठोकलं हुतं वाटतं गं मी,” आई म्हणाली.

मला त्या दुपारचं आक्काचं वाक्य आठवलं, उभ्या जन्मात एकदा राग आला, आन त्यो माझ्या लग्नातच आला. आईलाही आठवलं असणार. इतक्या वर्षांत त्या दोघींनी ते कधी काढलं नव्हतं. आक्कानं सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि वर न बघता म्हणाली, “बरं केलंस आई.”